रॅश व्हेस्ट घेताना तो आधी उलटा करून बघा

प्रश्न असा आहे: «डिसेंबरच्या सुट्टीत मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी तारकर्लीला स्नॉर्केलिंग करून पुढे गोव्यात मांद्र्याला चार दिवस सर्फिंग शिकणार आहोत. सगळे सांगतात, रॅश व्हेस्ट घ्या. दुकानात सगळे सारखेच दिसतात, किमतीत मात्र तिप्पट-चौपट फरक. जिमचा घट्ट टी-शर्ट चालणार नाही का? आणि साइज कशी ठरवायची?»

आधी एक गोष्ट सांगतो. दुकानात रॅश व्हेस्ट हातात आला की आपण रंग बघतो, छापलेलं चित्र बघतो, लेबल बघतो. त्याऐवजी तो उलटा करा आणि आतली शिलाई बघा. चार दिवसांनी काखेत कातडी सोलवटली तर त्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

हा कपडा मुळात सर्फिंग करणाऱ्यांचा. निओप्रीनच्या, म्हणजे रबरासारख्या जाड कापडाच्या वेटसूटची (थंड पाण्यात घालायच्या घट्ट पोशाखाची) कड काखेत आणि मानेला घासते, फळीवरचं मेण आणि वाळू छाती-पोटाला घासते, आणि वर मीठ चुरचुरतं. ते टाळायला आत घालायचा पातळ, अंगासरशी बसणारा शर्ट म्हणजे रॅश व्हेस्ट. उन्हापासून संरक्षण हा त्याचा दुसरा उपयोग. आपल्या किनाऱ्यावर मात्र तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. तुमच्या सहलीत दोन्ही उपयोग लागणार आहेत, पण वेगवेगळ्या दिवशी.

तारकर्ली-मालवणला स्नॉर्केलिंग करताना तुम्ही लाइफ जॅकेट घालून पालथे तरंगणार, तोंड पाण्यात आणि पाठ आभाळाकडे. अर्धा-पाऊण तास मान, पाठ, मांड्यांची मागची बाजू आणि पोटऱ्या सलग उन्हात. पाणी गार लागतं, त्यामुळे कातडी भाजतेय हे तेव्हा कळत नाही. संध्याकाळी खोलीवर पोचल्यावर गुडघ्यामागची लवण दुमडली की कळतं. पाण्याखाली गेलो म्हणजे ऊन लागत नाही हा समजही चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या सुमारे 40 टक्के अतिनील किरणं पोचतात. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के किरणं परतवतात, म्हणजे खालूनही ऊन लागतंच. म्हणून स्नॉर्केलिंगसाठी पूर्ण बाह्यांचा व्हेस्ट घ्याच, आणि पायांसाठी त्याच कापडाची घोट्यापर्यंतची लेगिंग. बहुतेक लोक वरचा कपडा घेतात आणि पाय तसेच सोडतात. मग पुढचे दोन दिवस खुर्चीत टेकता येत नाही.

मांद्र्याला सर्फिंग शिकताना चित्र उलटं होतं. तिथे तुम्ही फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवणार. छाती, बरगड्यांची खालची कड, दंडांची आतली बाजू सतत फळीला घासणार. शिकाऊ लोकांना जी मऊ फोमची फळी देतात, तिचा पृष्ठभाग हाताला मऊ लागतो, पण ओल्या कातडीवर तो बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो. त्यात उठून उभं राहायचा सराव दिवसात कितीतरी वेळा. पुरुषांनी उघड्या अंगाने हे केलं तर दुसऱ्या दिवशी स्तनाग्रं इतकी झोंबतात की फळीवर पडवत नाही. वर्ग चार दिवसांचा असताना दुसरा दिवस असा फुकट जाऊ देऊ नये.

आता कापड. दोनच प्रकार लक्षात ठेवायचे: नायलॉन-इलास्टेन आणि पॉलिस्टर-इलास्टेन. इलास्टेन म्हणजे ताणणारा धागा. लायक्रा हे त्याच्या एका ब्रँडचं नाव आहे, कापडाचं नव्हे. दुकानदार «प्युअर लायक्रा» म्हणाला तरी शिवणीतल्या छोट्या पट्टीवर टक्केवारी वाचा. साधारण 80 ते 85 टक्के नायलॉन आणि 15 ते 20 टक्के इलास्टेन असेल तर कापड मऊ, दुसऱ्या कातडीसारखं बसणारं आणि घासण्याला चिवट असतं. सर्फिंगला हे उत्तम. पॉलिस्टरचं कापड किंचित कोरडं, कमी लवचिक वाटतं, पण ते पाणी जवळजवळ शोषतच नाही, लवकर वाळतं, उन्हात आणि क्लोरिनमध्ये रंग टिकवतं, आणि पॉलिस्टरचा धागा स्वतःच अतिनील किरणं बरीच अडवतो. वर्षातून एकदा समुद्र आणि बाकी वर्षभर पोहण्याचा तलाव असा तुमचा हिशोब असेल तर पॉलिस्टर घ्या. नायलॉन-इलास्टेन क्लोरिनच्या पाण्यात रोज वापरलं तर काही महिन्यांत सैल आणि विटकं होतं. इलास्टेन 8-10 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो कपडा ओला झाल्यावर ओघळतो, कोपर आणि पोटावर फुगे धरतो. दोन-तीन टक्के इलास्टेनचा सुती टी-शर्ट हा रॅश व्हेस्ट नव्हे. सूत पाणी पितं, जड होतं, वाळत नाही आणि ओलं झाल्यावर ऊन आणखी आत सोडतं.

ऊन अडवण्याचं माप म्हणजे यूपीएफ. यूपीएफ 50 म्हणजे पडलेल्या अतिनील किरणांपैकी पन्नासावा भाग, म्हणजे 2 टक्के, आत जातो. यूपीएफ 30 ला साधारण 3.3 टक्के, 15 ला 6.7 टक्के. नेहमीचा पांढरा सुती टी-शर्ट 5 च्या आसपास असतो, म्हणजे पाचवा भाग ऊन आत. या मापाचं मानक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने 1996 साली पहिल्यांदा काढलं, एएस/एनझेडएस 4399 हे त्याचं नाव. 2017 च्या सुधारणेत कपडा अंगाचा किमान किती भाग झाकतो हीही अट आली. लेबलवर हा क्रमांक असेल तर 50+ या आकड्यावर भरवसा ठेवता येतो. नुसतं «यूव्ही प्रोटेक्शन» छापलेलं असेल आणि आकडा नसेल तर ते शब्द सोडून द्या आणि स्वतः बघा: कापड दोन्ही हातांनी साधारण सव्वापट ताणा आणि दुकानातल्या दिव्यासमोर धरा. दिव्याचा ठिपका आरपार दिसला तर तुमच्या खांद्यावर आणि पाठीवर, जिथे कापड खरंच एवढं ताणलेलं असणार, तिथे ऊनही आरपार जाणार. ताण सोडल्यावर कापड लगेच मूळ जागी आलं पाहिजे. सुरकुती धरून बसलं तर इलास्टेन कमी आहे किंवा माल जुना आहे. वजनाचा आकडा दिला असेल तर दर चौरस मीटरला 170 ते 220 ग्रॅम हे बरं माप. 150 च्या खालचं कापड फळीवर लवकर झिजतं.

आणि आता तो उलटा केलेला व्हेस्ट. आत शिवण चपटी दिसली पाहिजे, दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवून वरून रुंद जाळीदार टाके मारल्यासारखी. ही फ्लॅटलॉक शिलाई. याउलट कापडाच्या दोन कडा एकत्र गुंडाळून आत उभी राहिलेली, दोरीसारखी कड दिसली तर ती साधी ओव्हरलॉक. बनियन-टी-शर्टला ती चालते, पण मिठाच्या पाण्यात लाइफ जॅकेटच्या दाबाखाली हीच कड तासाभरात काचते. मनगटाच्या आतल्या नाजूक बाजूवर शिवण दाबून पाच-सहा वेळा मागे-पुढे ओढा. तिथे टोचली तर काखेत सोलवटणार. शिवण कुठून जाते तेही बघा. खांद्याच्या माथ्यावर शिवण नको, कारण जॅकेटचा पट्टा नेमका तिथे बसतो. बाही गळ्यापासून तिरकी जोडलेली असेल तर खांदा मोकळा राहतो. काखेत चारही शिवणी एका ठिकाणी भेटत असतील तर तो गाठीसारखा जाड ठिपका होतो. चांगल्या व्हेस्टमध्ये काखेत पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा घातलेला असतो, त्यामुळे गाठ टळते आणि हात वर नेताना सगळा शर्ट वर ओढला जात नाही. मानेमागे शिवलेलं कापडी लेबल असेल तर ते कात्रीने कापू नका, उरलेलं टोक अधिक टोचतं. टाके उसवून काढा. छापील लेबल सगळ्यात बरं.

कॉलर चार-पाच सेंटिमीटर उंच हवी. भाड्याच्या लाइफ जॅकेटचा फोम मानेच्या दोन्ही बाजूंना घासतो आणि ती जॅकेट दिवसभर दहा जणांच्या अंगावर फिरलेली असतात. उंच कॉलर या दोन्हींपासून वाचवते. पुढची पूर्ण चेन घालायला-काढायला सोपी, पण सर्फिंगला नकोच: फळीवर पालथं पडलं की चेन छातीच्या हाडात रुतते आणि फळीलाही चरे पाडते. चेन हवीच असेल तर ती स्नॉर्केलिंग किंवा कयाकिंगपुरती, आतून कापडी पट्टी लावलेली आणि वरच्या टोकाला चेनची कडी झाकणारी छोटी टोपी असलेली. खालच्या कडेला आत एक लहान गाळा (लूप) असतो, अनेकांना तो कशासाठी हे कळत नाही. त्यातून चड्डीची नाडी ओवून बांधायची, म्हणजे लाटेत आपटल्यावर शर्ट काखेपर्यंत वर जात नाही. सर्फिंगच्या व्हेस्टला हा गाळा असावाच. नसेल तर शिंप्याकडून अर्ध्या इंचाची लवचिक पट्टी लावून घ्या.

जिमच्या घट्ट टी-शर्टचं म्हणाल, तर स्नॉर्केलिंगपुरता चालेल, तेही शिवण चपटी असेल तर. त्यात दोन अडचणी येतात. घाम वाळावा म्हणून पाठीवर आणि काखेत जाळीचे तुकडे लावलेले असतात, आणि पालथं तरंगताना पाठीवरची तीच जाळी उन्हासमोर येते. जाळीच्या नक्षीचा लाल ठसा पाठीवर उमटतो. दुसरं, हे टी-शर्ट ओले झाल्यावर कडेला धरून राहत नाहीत, सर्फिंगमध्ये वर सरकतात. पूर्ण बाह्यांचा, जाळी नसलेला, गडद रंगाचा असेल तर वेगळा खर्च न करता पहिले दोन दिवस त्यावर भागवायला हरकत नाही.

साइज. टेप काखेखालून छातीच्या सर्वात रुंद भागावर फिरवा, श्वास सोडलेला, टेप सैल नाही आणि रुतलेली नाही. बायकांनी छातीबरोबर कमरेखालचा घेरही मोजावा, कारण लांब व्हेस्ट तिथेच अडकतो. मग त्या कंपनीचा तक्ता बघा, एका कंपनीचा «एल» दुसऱ्याचा «एम» असतो. दोन साइजच्या मध्ये माप आलं तर सर्फिंगला लहान घ्या, आणि फक्त लाइफ जॅकेट घालून तरंगायचं असेल तर मोठा. घालून बघताना दोन्ही हात सरळ वर न्या: खालची कड बेंबीच्या वर जाता कामा नये. पुढे वाका, वल्हवल्यासारखे हात फिरवा: मागे कंबर उघडी पडली तर नेमकी तीच चार बोटांची पट्टी भाजते. गळ्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बाजूला चिमटीत दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त कापड येत असेल तर तो सैल आहे. कोरडा असताना थोडा जास्तच घट्ट वाटला तर घाबरू नका, पाण्यात तो सैलावतो. पण श्वास पूर्ण घेता येत नसेल तर मोठी साइज घ्या.

बाजारात सैल बसणारे «सर्फ टी» नावाचे शर्टही मिळतात. पवना धरणाच्या पाण्यात कयाक चालवायला किंवा किनाऱ्यावर बसायला ते छान, वारा खेळता राहतो. लाटेत मात्र त्यात पाणी भरतं, ओढ बसते, आणि सैल कापडाच्या घड्याच घासायला लागतात. काइटसर्फिंगवाल्यांनी (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर सरकणाऱ्यांनी) हार्नेसखाली, म्हणजे कमरेच्या रुंद पट्ट्याखाली, सैल शर्ट अजिबात घालू नये, घडी कमरेला वळ उठवते.

मुलीसाठी वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घ्यायची सवय आहे, आणि बाकी सगळ्या कपड्यांत ती शहाणपणाची आहे. इथे तसं करू नका. मोठ्या मापाच्या बाह्या पाण्यात हाताच्या पंज्यावर उतरतात, तिला फळी पकडता येत नाही. नेमका बसणारा एक घ्या. रंग भडक घ्या: नारिंगी, पोपटी, गुलाबी. निळा, करडा, पांढरा, हिरवट हे रंग पाण्यात विरून जातात, आणि गर्दीच्या किनाऱ्यावर तुमची नजर एका क्षणात तिच्यावर पडली पाहिजे. पांढरा रंग मोठ्यांनीही टाळावा, ओला झाल्यावर आरपार दिसतो. आणि हे ठामपणे सांगतो: रॅश व्हेस्ट तरंगवत नाही. भडक व्हेस्ट घातला म्हणून लाइफ जॅकेट काढायचं नाही.

ओला घट्ट शर्ट काढताना मुलं डोक्यात अडकून घाबरतात. आधी खालची कड छातीपर्यंत गुंडाळत वर घ्या, मग एक हात पूर्ण बाहेर काढा, मग दुसरा, आणि डोकं शेवटी. घरी बाथरूममध्ये एकदा ओला करून सराव करवून घ्या.

बायकांसाठी थोडं. आत हुकाची ब्रा नको, जॅकेटच्या दाबाने हुक पाठीत रुततो. डोक्यातून घालायची रुंद पट्ट्यांची स्पोर्ट्स ब्रा घ्या आणि तिचीही आतली शिवण तशीच तपासा. मंगळसूत्र, साखळी, लांब कानातले खोलीवर ठेवा. कॉलरखाली साखळी गेली की मीठ आणि वाळू तिच्या कड्यांत धरते आणि मान कापल्यासारखी सोलवटते.

थंडीबद्दल गैरसमज असतो. व्हेस्ट ऊब देत नाही. कोकणच्या समुद्राचं पाणी डिसेंबरातही कोमटच असतं, पण सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि बोटीवर ओल्या पातळ कापडातून अंगातली ऊब काढून नेतो. मुलीचे ओठ निळसर दिसेपर्यंत थांबू नका. बोटीवर वर घालायला एक विंडचीटर आणि कोरडा टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. कुणाला खूपच थंडी वाजत असेल तर एक-दोन मिलिमीटरचा निओप्रीनचा टॉप हे त्याचं उत्तर. पुढे स्कूबा केलंत तर तिथला भाड्याचा वेटसूट याच व्हेस्टवर चढवा. तो सरकन चढतो, आणि इतरांनी वापरलेलं रबर थेट अंगाला लागत नाही.

जेलीफिशचा दंश झाकलेल्या भागावर सहसा होत नाही, हा पूर्ण बाह्यांचा आणखी एक फायदा. पण तिचे दोरे कापडाला चिकटून राहू शकतात. तसं वाटलं तर व्हेस्ट काढण्याआधी समुद्राच्याच पाण्याने नीट धुवा, हाताने चोळू नका, नाहीतर काढताना ते तोंडावर फिरतात.

व्हेस्ट झाकत नाही तिथे सनस्क्रीन लावावंच लागतं: चेहरा, कान, पंज्याची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग. लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग व्हेस्ट घाला, कारण तेलकट क्रीम इलास्टेन खातं आणि कॉलर सर्वात आधी सैल पडते.

धुण्याचं एकच पथ्य कडक आहे: समुद्रातून आल्यावर लगेच गोड्या पाण्यात दोन-तीनदा खळबळवा, मीठ वाळू देऊ नका. गरम पाणी, ब्लीच, इस्त्री, ड्रायर यांतलं काहीही नको. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत दोरीवर आडवा टाका. ओला हँगरला लटकवला तर पाण्याच्या वजनाने खांदे लोंबतात. फळीचं मेण लागलं असेल तर बर्फाने कडक करून नखाने खरवडा. गरम पाण्यात टाकलंत तर ते पूर्ण कापडभर पसरतं.

कोकणात एक खास गोष्ट घडते. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये ऊन अडवणारं रसायन म्हणून अ‍ॅव्होबेन्झोन असतं, आणि जांभ्या दगडाच्या मुलखात विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात अनेक ठिकाणी लोह असतं. ही दोन भेटली की कॉलर आणि मनगटावर गंजासारखे पिवळे-नारिंगी डाग पडतात. लोक समजतात कापड खराब निघालं, आणि ब्लीच टाकतात. ब्लीचने तो डाग आणखी पक्का होतो. डागावर लिंबाचा रस लावून अर्धा तास सावलीत ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा, गरज पडली तर पुन्हा करा. रंगीत कापडावर आधी आतल्या कडेला थोडा लावून रंग जातो का बघा. सनस्क्रीन घेतानाच झिंक ऑक्साइडचं, अ‍ॅव्होबेन्झोन नसलेलं घेतलं तर हा डाग पडतच नाही.

पुढच्या वर्षी तोच व्हेस्ट वापरायचा असेल तर निघण्याआधी तो पुन्हा एकदा उलटा करा आणि ताणा. शिवणीतून पांढरे, रबरासारखे तुटके धागे डोकावत असतील किंवा पाठीवर कापड दिव्यापुढे विरळ दिसत असेल, तर त्यातलं इलास्टेन संपलं आहे. तो घरच्या तलावाला चालेल, समुद्रावर नवा न्या.